एका हेडला एक हात

माझ्या गाडीचा धूर शेजारच्या काकांच्या स्वयंपाकघरात शिरला आणि आमची ओळख झाली. ओळख कसली, भांडणच ते. औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत आमची तीन मजली इमारत, खाली पार्किंग, आणि त्याच्या बरोबर वर त्यांची खिडकी. मी सकाळी शाळेत निघायला गाडी चालू केली की त्यांच्या घरात खोकल्याची साथ यायची.

गाडी म्हणजे माझ्या वडिलांची जुनी चारचाकी. ते गेल्यावर भावांनी घरातल्या बाकी सगळ्या वस्तूंत बारकाईनं लक्ष घातलं आणि गाडी मात्र मोठ्या मनानं माझ्या गळ्यात मारली. मी भूगोल शिकवत होते. किल्ली फिरवली की गाडी चालते आणि फिरवूनही चालली नाही तर मुलांना ढकलायला बोलवायचं, एवढंच माझं ज्ञान.

काका खाली आले ते तणतणतच. "ताई, धूर बघा कसला निळा मारतोय. ही पेट्रोल नाय, तेल पितीय. इंजन खोलल्याबिगर भागायचं नाय."

मी म्हटलं, "मग तुम्हीच खोला की. एवढं कळतं तर."

हे मी रागानं बोलले. मला काय माहीत, त्यांच्या मनात नेमकं तेच होतं.

काका मूळचे बिडकीनचे. शेती भावांवर सोडून तरुणपणी शहरात आले आणि पैठण रस्त्यावर त्यांनी स्वतःचं गॅरेज काढलं. इंजिन बांधणं ही त्यांची खासियत. नम्रपणा म्हणाल तर तो अंगाला लागलेला नव्हता. "या शहरात इंजन बांधणारा एकच," असं ते स्वतःच सांगायचे, आणि तो एक कोण हे कुणी विचारायची वाट बघायचे. पण मी त्यांना भेटले तेव्हा गॅरेज बंद झालेलं होतं. उजव्या हाताची पकड सुटत चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, नसांचा आजार आहे, औषध नाही, हात हळूहळू जाणार, आणि तो आजार हातावरच थांबेल असंही नाही. हे मला काकूंनी जिन्यात सांगितलं. काकांनी स्वतः त्या आजाराचं नाव कधी घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते परत आले. या खेपेला आवाज खाली होता. "ताई, तुमचं इंजन मी बांधतो. एक शेवटचं बांधायचंय मला. खोलायचं, धुवायचं, उचलायचं काम तुमी करा, मी सांगतो तसं. फक्त हेड मी आवळणार."

हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण. खाली सिलिंडर, वर हेड, मधे पातळ पॅकिंग, आणि सगळं दाबून धरणारे नट. काका म्हणाले, त्यांच्या लाईनीत रीतच आहे, हेड ज्याच्या हातानं आवळलं त्याचं इंजिन. बाकीचं कुणी का केलेलं असेना. म्हणजे त्यांचा हात हेडपर्यंत टिकला पाहिजे, एवढीच गोष्ट होती. मी हो म्हटलं. नाही म्हणायला तोंड होतं कुणाला?

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सुरुवात केली. साखळीची कप्पी लावून इंजिन बाहेर काढलं आणि ते लोंबकळणारं धूड बघून मला वाटलं, आता हे परत आत जाणं शक्य नाही. काका स्टुलावर बसून हुकूम सोडायचे. एकेक भाग काढायचा, रॉकेलमध्ये धुवायचा, जुन्या साडीवर ज्या जागेचा त्याच जागी मांडायचा. पहिल्या बेरिंगची टोपी, म्हणजे त्याच्यावरचं झाकण, दुसऱ्यावर गेली की खेळ खलास. मी एकदा दोन टोप्यांची अदलाबदल केली तेव्हा ते इतके संतापले की वरून काकू धावत आल्या. "शाळंत पोरं अशीच बदलता का एकमेकांच्या जागी?" त्यांनी विचारलं. मीही काही ऐकून घेणारी नव्हते. म्हटलं, पोरं चुकीच्या जागी बसली तर ओरडून सांगतात, टोप्यांनी बोलायला काय हरकत होती? तेव्हा ते हसले. फार हसायचे नाहीत.

मला ते काम आवडायला लागलं होतं. रॉकेलच्या वासानं जेवण जाईना, नखांतलं काळं जाईना, पण पिस्टन काय करतो, झडप कधी उघडते, धूर निळा का येतो हे कळत गेलं. एखादा नकाशा उलगडावा तसं.

मग सिलिंडर आतून घासून गोल करायला, म्हणजे बोरिंगला, इंजिनाचा खालचा ब्लॉक लेथवाल्याकडे दिला आणि सगळं अडलं. आज लाईट नाही, उद्या कारागीर लग्नाला गेला, परवा आधी ट्रॅक्टरचं काम. सुट्टी संपली, तरी मी रोज शाळा सुटली की शहागंजच्या पलीकडे त्याच्या दुकानात जाऊन बसायचे. तो मला चहा पाजायचा आणि ब्लॉक तसाच कोपऱ्यात. एकदा मी आवाज चढवून म्हटलं, "एक माणूस थांबलाय हो याच्यासाठी."

तो शांतपणे म्हणाला, "बाई, हियां सबच थांबलेत."

इकडे हात थांबत नव्हता. आधी काका शर्टाची बटणं डाव्या हातानं लावायला लागले. मग शर्ट सोडून बंडीच घालायला लागले. मी वर गेले की ते उजवा हात टेबलाखाली घ्यायचे. काकू माझ्या पाठोपाठ जिन्यापर्यंत यायच्या आणि हळू आवाजात म्हणायच्या, "ताई, जरा लवकर बघा ना. काल भाकरी मोडंना त्यांना." दुसऱ्या दिवशी मी लेथवाल्यावर आणखी ओरडायचे.

पाऊस सरता सरता ब्लॉक आला. आम्ही घाईनं कामाला लागलो, तरी काकांनी घाई करू दिली नाही. पिस्टनवर रिंगा चढवल्या. त्यांची तोंडं एकाखाली एक येऊ द्यायची नसतात, नाहीतर तिथून तेल वर चढतं. पिस्टनच्या जोरावर फिरणारा दांडा, म्हणजे क्रँक, बसला, बेरिंगं बसली, प्रत्येक नट मी आवळला आणि प्रत्येक वेळी काकांनी क्रँक डाव्या हातानं फिरवून बघितला. "हलका फिरतोय. व्हय, बरुबर." खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, त्याच्या आत इंजिन चालू करायचं असं त्यांनी ठरवलं होतं.

हेडच्या दिवशी ते सकाळीच दाढी करून, गॅरेजमधला खाकी शर्ट घालून खाली आले. बटणं काकूंनी लावलेली असणार. मी पॅकिंग ठेवलं, दोघांनी मिळून हेड बसवलं, नट हातानं फिरवून टेकवले. मग काकांनी पाना मागितला आणि मला मागं सरकायला सांगितलं.

मधल्या नटापासून सुरुवात करून बाहेर बाहेर जायचं, थोडं थोडं, फेरीफेरीनं. पहिली फेरी त्यांनी सहज केली. मी श्वास सोडला. दुसऱ्या फेरीत त्यांनी डावा हात उजव्यावर ठेवून जोर लावला. मला वाटलं, असंही चालतं की. शेवटच्या फेरीत निम्म्या नटांपर्यंत गेले, आणि पाना निसटला. बोटं ब्लॉकच्या कडेवर आपटली, सालटं निघाली. त्यांनी रक्ताकडे बघितलंसुद्धा नाही. पाना परत लावला. परत निसटला. तिसऱ्यांदा त्यांची बोटं पान्याभोवती मिटलीच नाहीत. ते नुसते बघत राहिले त्या बोटांकडे, एखादा वर्गातला पोरगा सांगूनही उठत नाही तेव्हा आपण बघतो तसे.

"मी लावू का हात?" मी विचारलं.

ते स्टुलावर टेकले. "खोला सगळे."

"काका, थोडेच राहिलेत. तेवढे मी—"

"एका हेडला एकच हात, ताई. तुमचा दाब येगळा, माझा येगळा. निम्मे माझे न निम्मे तुमचे केले तर मधून पाणी तेलात उतरंल. म्हैन्यात इंजन बसंल. खोला."

मी खोलायला बसले. त्यांनी आवळलेले नट काही ढिले नव्हते. मला पान्यावर अक्षरशः लोंबकळावं लागलं. एकेक नट कट्ट आवाज करून सुटायचा आणि मला वाटायचं, मी काय करतेय हे, कुणाचं काय उसवतेय. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, त्या नटांचा, त्या आजाराचा, त्या लेथवाल्याचा. एकदा दबलेलं पॅकिंग पुन्हा चालत नाही. मी स्कूटरवर मोंढा नाक्याला जाऊन नवं घेऊन आले. काका होते तिथंच बसलेले होते.

"आता थोडी विश्रांती झालीय. परत तुम्हीच बघा," मी म्हटलं. मला खरंच वाटत होतं की जमेल.

"नाय," ते म्हणाले. "बसा तुमी."

मग मी हेड आवळलं. ते कुठला नट ते सांगायचे, "अजून" म्हणायचे, "बास" म्हणायचे. पान्याला त्यांनी बोट लावलं नाही.

खंडेनवमीच्या आधी इंजिन गाडीत बसलं आणि चालू झालं. धूर नाही, खडखड नाही. काकूंनी गाडीला हळद-कुंकू लावलं. काकांनी बॉनेटवर कान टेकवला, बराच वेळ ऐकलं आणि "ठीक" म्हणाले.

पूजेच्या दिवशी गॅरेजमधले त्यांचे दोन जुने शागीर्द आले. आता दोघांचीही स्वतःची गॅरेजं होती. काका खालीच खुर्चीवर बसलेले. मी गाडी चालू केली. दोघं वाकून ऐकत राहिले. थोरल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो काकांच्या पायाला हात लावून म्हणाला, "उस्ताद, हात गेला म्हनत व्हते लोकं. तुमचा हात हाय तसाच हाय की."

मला वाटलं, आता त्यांनी नुसतं गप्प बसावं. कुणाचं काय जाणार होतं? हेड कुणी आवळलं, हे मला, काकांना आणि काकूंनाच ठाऊक. मी तर आयुष्यभर तोंड उघडलं नसतं.

"माझा नाय," काका म्हणाले. "हेड ताईनं आवळलंय. इंजन तिचं."

शागीर्द गोंधळले. माझ्याकडे बघितलं, परत त्यांच्याकडे. मी म्हटलं, "अहो, सगळं काकांनीच—" पण काकांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की वाक्य तिथंच राहिलं. त्या क्षणी मला त्यांचा भयंकर संताप आला. मला नको होतं ते इंजिन.

मग थोरला शागीर्द पुढे आला. त्यांच्या लाईनीत नव्या मिस्तरीचं करतात तसं त्यानं माझा उजवा हात दोन्ही हातांत घेतला आणि तो हलवत म्हणाला, "मुबारक, ताई." धाकट्यानंही तसंच केलं.

काकांनी आपला उजवा हात डाव्यानं उचलून मांडीवर ठेवला आणि काकूंना म्हणाले, "चल, मला वर ने."