टाकीवरच्या वन्सं

आमच्या वन्संचं फोनबाबत एक साधं शास्त्र आहे. माणूस जितका लांब, आवाज तितका मोठा. त्यांनी शेजारच्या गल्लीत फोन लावला तरी आमच्या फडताळातली भांडी थरथरायची. अशा बाईची बदली बावन्नाव्या वर्षी डोंगरातल्या एका गावी झाली. दिवसातून एकच बस, आणि दवाखान्यामागची एक खोली. नर्स म्हणून नोकरी तीस वर्षांची, पण एकटीनं राहायचा अनुभव शून्य; लग्न केलं नाही, आधी आईवडिलांकडे आणि मग आमच्याकडे राहिल्या. खरं सांगते, बस सुटली तेव्हा त्या रडल्या, हे रडले, आणि मी पदर डोळ्यांना लावून मनातल्या मनात स्वयंपाकघराचा ताबा घेतला.

गावात फोनला रेंज एकाच जागी, पाण्याच्या टाकीवर. पंचेचाळीस पायऱ्या. रोज संध्याकाळी सहाला वन्सं वर चढायच्या आणि भावाला गाऱ्हाणी ऐकवायच्या. कडी लागत नाही. खाट इतकी सैल की झोळीत निजल्यासारखं वाटतं. पाणी आणायचं तर हातपंप दोनशे पावलांवर. शेजारचा कोंबडा उजाडायची वाट बघत नाही. "बदलीचा अर्ज दिलाय मी. हा वनवास आहे, वनवास!" हे फोन हातभर लांब धरायचे, त्यामुळे मलाही घरबसल्या सगळं कळायचं.

मग आक्रीत घडायला लागलं. कडीची तक्रार झाली आणि दुसऱ्याच दिवशी सुतार दारात. "इकडूनच चाललो होतो, म्हटलं कडी बघावी." आठवड्याभरात खाट कुणीतरी घट्ट विणून दिली. कोंबड्याची तर मालकानं थेट आपल्या सासुरवाडीला रवानगी केली.

"अरे, इथली माणसं मनकवडी आहेत!" वन्सं टाकीवरून ओरडल्या. "मी कुणापाशी चकार शब्द काढत नाही, तरी यांना सगळं कळतं!"

यांनी मान डोलावली. बहिणीचं यांना सगळंच पटतं.

वर्ष झालं. बदलीचा हुकूम निघणार अशी खबर लागली, तेव्हा आवराआवरीला मी गावी गेले. बसमधून उतरते तोच पिठाच्या चक्कीवाली पुढं आली. "तुम्ही वहिनी ना? भाजीत मीठ घालायला विसरणाऱ्या?" सुतारानं माझी पिशवी उचलली आणि तिला दटावलं, "बसू दे त्यांना आधी, गुडघे दुखतात त्यांचे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वन्संना जाब विचारायलाच निघाले, पण सहा वाजले होते. त्या टाकीवर होत्या.

तेवढ्यात आत कुणीतरी चक्की थांबवली. सुतारानं माझी पिशवी खाली ठेवली. पंपावरच्या बायकांनी दांडा सोडला. चारी बाजूंनी डोंगर, आणि वरून वन्संचा आवाज, शब्दन् शब्द स्पष्ट: "आली तुझी बायको! वरून दिसतेय, हातात एकच पिशवी! पांघरूण विसरलीच असणार, आता माझंच ओढणार!"

सगळं गाव खुदकन हसलं.

"रोज असंच चालतं?" मी विचारलं.

"रोज," चक्कीवाली म्हणाली. "पण त्यांना सांगू नका हं. याआधी तीन सिस्टर आल्या, एकही सहा महिने टिकली नाही. माझ्या सुनेच्या बाळंतपणात दवाखान्याला कुलूप होतं. बाळ गेलं." पदरानं हातावरचं पीठ पुसत ती म्हणाली, "म्हणून यांना काय हवं-नको, ते आम्ही खालून ऐकून घेतो."

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. जेवताना सांगून टाकलं.

वन्संचा घास हातातच राहिला. "सगळं ऐकू जातं?"

"सगळं. माझ्या मिठासकट."

"अगं बाई! वनवास म्हणाले गं मी यांच्या गावाला." मग त्यांना आणखी काही आठवलं. एकटीला जेवण जात नाही, असं त्या पहिल्याच महिन्यात वरून ओरडल्या होत्या. तेव्हापासून चक्कीवाली आपलं ताट घेऊन त्यांच्याकडे जेवायला येत होती. सांगायची काय, तर घरात फार धूर होतो.

दोन दिवसांनी हुकूम आला. आमच्या घरापासून दहा मिनिटांवरचा दवाखाना. पाकीट पोस्टमननं दिलं, म्हणजे गावालाही कळलंच. थोड्या वेळानं सुतार आला आणि खाली मान घालून म्हणाला, "सामानाला खोकी लागतील. करून देऊ?" वन्संनी हुकूम परत पाकिटात घातला.

सहाला मी गुडघे धरत धरत त्यांच्यामागून टाकीवर चढले. स्वयंपाकघराचा माझा स्वार्थ होताच, पण खाली ती माणसं हातातलं काम हातात धरून उभी होती, कुणी वर बघत नव्हतं, आणि मी स्वयंपाकघर विसरूनच गेले.

फोन लागला.

"हुकूम आला रे!" वन्सं ओरडल्या. "पण मी जाणार नाही! नको म्हणून कळवणार आहे! कडी लागते, खाट घट्ट आहे, जेवायला सोबत आहे, मी इथंच राहणार! ऐकू आलं का?"

"ताई, हळू बोल ना," पलीकडून हे कळवळले. "मला नीट ऐकू येतंय."

वन्सं कठड्यावरून खाली वाकल्या होत्या.

"तू गप्प बस," त्या म्हणाल्या. "तुला कोण सांगतंय?"