प्रज्ञाच्या मानेवरची कूस

आधीच सांगते, मी भूगोलाची शिक्षिका आहे. मुदखेडला हायस्कूलवर वीसेक वर्षं वारे आणि सागरप्रवाह शिकवतेय. शिवाय छप्पन साली आजेसासऱ्यांनी दीक्षा घेतली, तेव्हापासून आमच्या घरात नवस नाही, गंडादोरा नाही, अंगात येणं नाही. तेव्हा "बाई, तुम्हीसुद्धा?" असं कुणी म्हणू नका. ते मी स्वतःलाच म्हणून थकलेय...

दुष्काळाचं साल होतं. लातुरात नळाला पाणी नाही आणि पेपरात मात्र उदगीर वेगळा जिल्हा होणार का, याची चर्चा. "नवा जिल्हा करून राहिले म्हणं. पाणी कुठनं आणणार हायेत त्याला?" असं सासूबाई येईल-जाईल त्याला विचारायच्या. अशा दिवसांत मी लेकीला पहिल्या बाळंतपणासाठी घरी बोलावलं. प्रज्ञा कॅलिफोर्नियात, सातवा महिना. जावई म्हणत होते, राहू द्या इथंच. मी ऐकलं नाही.

विमानही मीच ठरवलं. अटलांटिकवरून आली असती तर वारा पाठीशी मिळाला असता, पण त्यात विमानं बदलायची फार. म्हणून पॅसिफिकवरून, जपानमार्गे. हिवाळ्यात जपानकडे जेट स्ट्रीम केवढ्या जोरात वाहतो, पश्चिमेकडून पूर्वेकडे, हे मी फळ्यावर बाण काढून शिकवते. आणि पोटुशी लेक त्याच्याच तोंडी दिली. याला काय म्हणायचं...

तिचं विमान हवेत होतं त्या सकाळी मी रेणापूरजवळ आमच्या शेतात होते. ज्वारीचं खळं चाललेलं. पीक कसलं, चार पोती झाली तरी खूप. त्यात तीन दिवस वारं नाही म्हणून उफणणी अडलेली. सासूबाई तिवईवर पाटी घेऊन उभ्या आणि हळूच शीळ घालत होत्या. वाऱ्याला बोलवायची त्यांची जुनी सवय.

मी हसले. "आत्याबाई, वारा शिळेनं येत नसतो, हवेच्या दाबानं येतो."

"मंग सांग की तुझ्या दाबाला, ये म्हणावं."

आणि आला. मावळतीकडून, चांगला भरदार. दाणे खाली पडू लागले, भूस उगवतीला उडू लागलं.

तेवढ्यात जावयांचा फोन. "आई, घाबरू नका, पण वर वारा फार आहे. विमान दोन तास लेट दाखवतंय. इंधन कमी पडलं तर मध्येच कुठेतरी उतरवतील म्हणे."

मी मोबाईलवर नकाशा उघडला. सगळीकडे निळा समुद्र आणि त्यावर ते एवढंसं विमान... हलेचना. समुद्रावर सिग्नल नीट नसतो, नकाशा अंदाजानं दाखवतो, हे मला माहीत आहे. तरी मी तो पुन्हा पुन्हा उघडून बघत राहिले. मीच बोलावलं होतं ना तिला.

"काय झालं गं?" सासूबाईंनी विचारलं. मी सगळं सांगितलं.

"वारं कुठनं हाय तिथं?"

"मावळतीकडून. तिच्या समोरून."

त्यांनी उडणाऱ्या भुसाकडे बघितलं. "म्हंजे हेच की. मी हितं शीळ घालून राहिले, अन् तिथं पोरीच्या तोंडावर..."

हे साफ चूक होतं. जेट स्ट्रीम दहा-बारा किलोमीटर उंचावर, तोही हजारो मैल लांब. वर्गात कुणी असं लिहिलं तर मी शून्य देईन. पण माझ्या तोंडून काय निघालं ते ऐका — "आत्याबाई, ठेवा ना पाटी खाली."

त्यांनी ठेवली. तीन दिवसांनी आलेलं वारं सोडून खाली उतरल्या आणि मावळतीकडे तोंड करून म्हणाल्या, "जा बाबा. आज नको आम्हाला."

वारा पडला. कमी झाला असं नाही — पडला. हवेतलं भूस सरळ खाली आलं. दहा चाळीस झाले होते, मोबाईल हातातच होता.

दुपारी प्रज्ञाचा फोन आला, जपानहून. "आई, उतरले. लई हादरे बसत होते गं, रडत होते मी. मग उतरायच्या तीनेक तास आधी एकदम थांबलं सगळं. फार उशीरही नाही झाला."

मी म्हणाले, वारा कधी कधी पट्टा बदलतो.

"ते राहू दे. तेव्हापासून मला शिंका सुटल्यात. आणि मान अशी खाजतेय... कूस लागल्यासारखी."

कूस म्हणजे ज्वारीच्या भुसातली अंगाला खाजणारी बारीक धूळ. लहानपणी खळ्यावर आली की प्रज्ञाच्या मानेवर हमखास गांध्या उठायच्या. आता चार वर्षांत तिनं खळं पाहिलं नव्हतं. आम्ही त्या दिवशी उफणतोय, हे तिला कुणी सांगितलेलंही नव्हतं.

हैदराबादला तिला घ्यायला गेले, तेव्हा आधी मानच बघितली. लाल गांध्या होत्या. विमानातल्या ब्लँकेटची ॲलर्जी असेल, डॉक्टर म्हणाले. असेल. घरी सासूबाईंनी मानेला तेल लावलं आणि बोट उन्हात धरून बघितलं. काय आहे, मला दाखवा, असं मी म्हणाले, तर त्यांनी ते पदराला पुसून टाकलं.

उरलेल्या राशीला पुढे वारं मिळालंच नाही. शेवटी पंखा लावून उफणली.

नात आता शाळेत जाते. स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. योगायोग म्हणा, मीही तेच म्हणते. फक्त एक सांगायचं राहिलं... तान्ह्या पोरीला घेऊन प्रज्ञा परत निघाली, ती त्याच समुद्रावरून, पण आता उगवतीकडे, म्हणजे मावळतीचं वारं पाठीशी हवं. त्या दिवशी मी गच्चीवर गेले, आजूबाजूला कुणी नाही ना बघितलं, मावळतीकडे तोंड केलं. मला शीळ घालता येत नाही. नुसती हवाच निघत होती तोंडातून. तरी बराच वेळ घातली.