वैरागच्या रांगेतल्या चपला

लॉकडाऊनमध्ये सरकारनं शेतकऱ्यांच्या खात्यात मदतीचे पैसे टाकले, तेव्हा ते काढायला वैरागच्या बँकेपुढं रांग लागली. ऊन सोसवेना म्हणून आम्ही चुन्याच्या वर्तुळांत चपला ठेवून लिंबाखाली बसलो. माझ्या पुढं शेजारच्या वस्तीवरचे आण्णा होते. त्यांना खोकल्याची उबळ आली.

"पाणी पिऊन येतो. माज्या चपला सरकव की," म्हणाले आणि अनवाणीच गेले.

रांग हलली तशा मी त्यांच्या चपला दारापर्यंत नेल्या. आण्णा हापशापाशी कोसळले होते. दवाखान्यातून ते परत आलेच नाहीत.

चपला द्यायला आण्णांच्या घरी गेलो, तर त्यांच्या पत्नी, काकू म्हणाल्या, "हितंच ठेव. चपलांची तोंडं घराकडं करून ठेव."

अजूनही रांगेत मी पुढं एका माणसाची जागा सोडतो. मागचे "सरका की" म्हणतात. माझा पाय उचलत नाही.