तेवीस फूट पाणी
गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडलं आणि क्लोरिनचा वास आला की मला मुलुंडच्या आमच्या सोसायटीतली ती सकाळ आठवते. पाण्याच्या नोंदीसाठी माझ्या लेकीने नुकतंच एक वेबपेज केलं होतं. दोन्ही टाक्यांतल्या पाण्याच्या उंचीची बेरीज दहा फुटांखाली गेली की पंप लावायचा. वॉचमनने दोन टाक्यांचे दोन आणि तीन फूट लिहिले, पेजने बेरीज दाखवली तेवीस. पंप लागला नाही, टाक्या संपल्या, सगळे नळ कोरडे. "तुझ्या पोरीपेक्षा वही बरी रे, उद्यापासून तीच," सेक्रेटरी मला म्हणाला. लेकीने तिथेच लॅपटॉप उघडला. "बाबा, रकान्यात लिहिलेला आकडा जावास्क्रिप्टला, म्हणजे हे पेज ज्या भाषेत लिहिलंय तिला, मजकूर म्हणून मिळतो, म्हणून दोनाला तीन चिकटले. आता बेरजेआधी त्या मजकुराचा आकडा करून तपासते." मग मी मुद्दाम अक्षरांत 'तीन' लिहून पाहिलं. पेजने सरळ नाकारलं. "अक्षरांचा आकडा होत नाही; जावास्क्रिप्ट उत्तर देते 'आकडा नाही', पण त्या उत्तराचा प्रकार मात्र आकडाच सांगते. म्हणून तेही वेगळं तपासलंय!" ती हसली. सेक्रेटरीने वही कपाटात ठेवली. मी आजही रोज पट्टी बुडवून ताळा करतो. तिची बेरीज अजून एकदाही चुकलेली नाही, आणि हे मी कुणी न विचारताही सांगतो.