क्रमांक चारशे बाराची पोच

माझ्या आत्याला खोटं बोलताना मी कधी ऐकलं नाही. खोट्या सह्या मात्र तिने शेकड्याने केल्या. हे मी रागानेच लिहिते आहे, आणि त्यातला निम्मा राग तिच्यावर आहे.

आत्या, माझ्या बाबांची थोरली बहीण, शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात सरकारी प्रकाशनांचा विभाग सांभाळायची. विभाग म्हणजे तळघरातली लांबट खोली, पाच लोखंडी कपाटं, एक टेबल आणि टेबलावर आवक नोंदवही. नियम असा, की सरकारच्या कुठल्याही खात्याने अहवाल, नकाशा, आराखडा, काहीही छापलं, तर त्याच्या दोन प्रती या खोलीत पोचल्या पाहिजेत. लोकांसाठी छापलेलं लोकांना वाचता यावं, एवढी साधी गोष्ट.

नियम सोन्यासारखा होता. पण खात्यांची रीत वेगळी. आधी शिपाई नुसतं पत्र घेऊन यायचा. पत्रात लिहिलेलं असायचं, 'सोबत दोन प्रती', आणि सोबत काहीही नसायचं. "बाई, गठ्ठा मागून येतोय," असं म्हणून तो पोचपावती पुढे करायचा. सही दिली तर गठ्ठा तीन आठवड्यांनी यायचा, नाहीतर तीन महिन्यांनी. सही नाही दिली तर कधीच यायचा नाही, कारण पोच मिळाल्याशिवाय गोदामातला माणूस गठ्ठ्याला हातच लावत नसे. यालाच म्हणतात कागदी घोडे नाचवणं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी आत्याने सह्या नाकारून पाहिल्या. दीड कपाट रिकामं राहिलं आणि वाचायला आलेली माणसं हात हलवत परत गेली. मग ती मुकाट्याने सह्या करू लागली. नंतर स्मरणपत्रं लिहायची, फोन करायची, शेवटी स्वतः गोदामात जाऊन गठ्ठे उचलून आणायची. असं सव्वीस वर्षं. खात्यातले लोक तिला 'पावतीबाई' म्हणायचे आणि ही बाई ते हसण्यावारी न्यायची. त्या हसण्याचाही मला राग येतो.

एक दिवस आमच्या गल्लीत चार माणसं आली आणि नाल्याच्या बाजूच्या एकोणीस दारांवर लाल रंगाने फुल्या मारून गेली. आमचं दारही त्यात होतं. शेजारचे शिंपीकाका बांधकाम खात्यात विचारायला गेले, ते घामाघूम होऊन परतले.

"नाला रुंद करणार म्हणे. घरं पाडणार. आराखडा तीस दिवस ग्रंथालयात होता, तेव्हा का नाही बोललात, असं विचारतात मला! हरकतींची मुदत संपली म्हणे."

बाबांनी आत्याकडे पाहिलं. "ताई, तुझ्याकडे होता आराखडा?"

"नोंदवही बघून सांगते," आत्या म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर तळघरात गेले. नोंदवहीत सापडलं: बांधकाम खाते, प्रकाशन क्रमांक चारशे बारा, दोन प्रती. पत्रात विषय नव्हता, नुसता क्रमांक. पोच देऊन एक्केचाळीस दिवस झाले होते. कपाटात चारशे अकराच्या पुढे एकदम चारशे तेरा. तिने दोन स्मरणपत्रं पाठवली होती, त्यांचं उत्तर आलं नव्हतं.

"न बघता सही केलीस?" मी ओरडले. "आपल्याच घरावर?"

"मला काय माहीत त्यात आपली गल्ली आहे ते!"

"दुसऱ्याची गल्ली असती तर चाललं असतं?"

हे तिला लागलं. लागावं म्हणूनच मी बोलले होते. तिने नोंदवही मिटली.

संध्याकाळी बाबा तिला समजावत होते. "ताई, तीन महिन्यांवर निवृत्ती आलीय. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? आपण दुसरा मार्ग काढू."

"कुठला मार्ग? ते माझी सही दाखवणार. ती खोटी आहे हे माझ्याशिवाय कोण सांगणार?"

गल्लीने आरडाओरडा केल्यावर खात्याने नाइलाजाने सुनावणी ठेवली. साहेबांनी खुर्चीत रेलूनच पोचपावती वर धरली. "सही तुमचीच ना, बाई?"

"माझीच. आराखडा आला नाही. आजही आलेला नाही."

"मग सही केलीत कशी?"

"तुमचा शिपाई म्हणाला, गठ्ठा मागून येतोय."

"म्हणजे खोटी पोच दिलीत. काय बोलताय, कळतंय ना?"

"कळतंय. तुम्ही खोटं पत्र धाडलंत, मी खोटी पोच दिली. माझं मी कबूल केलं. आता तुमचं तुम्ही करा."

तिने नोंदवही आणि स्मरणपत्रांच्या प्रती टेबलावर ठेवल्या. शिंपीकाका तावातावाने उठले, "गोदाम उघडा, आत्ता!" आणि सगळी खोली उठली. गोदाम उघडलं. दाराजवळच, सुतळीसुद्धा न सोडलेला गठ्ठा पडला होता. वर ग्रंथालयाचा पत्ता. ग्रंथालय तिथून चालत दहा मिनिटांवर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

साहेबांना तीस दिवसांची मुदत नव्याने द्यावी लागली. आराखडा उघडल्यावर दिसलं, की नाल्याच्या पलीकडची सगळी जागा मोकळी आहे, आणि रुंदीकरण मात्र सगळं आमच्या बाजूला. पहिल्या दोन दिवसांत साठ हरकती गेल्या. घरं वाचतील का, ते अजून ठरायचं आहे. पण निदान आता विचारावं तरी लागेल आम्हाला.

तिसऱ्या दिवशी आत्याच्या कार्यालयाचा माणूस घरी आला. खोटी पोच दिल्याबद्दल निलंबन. खोटं पत्र लिहिणाऱ्याला कोणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि वेग तर पाहा. दहा मिनिटांवरच्या ग्रंथालयात गठ्ठा एक्केचाळीस दिवसांत पोचला नाही, हा आदेश मात्र तीन दिवसांत घरपोच, पाच कार्यालयांना प्रती रवाना करून.

"बाई, इथे सही," तो माणूस पावती पुढे करत म्हणाला.

"आधी पाकीट द्या."

"बाई, उशीर होतोय मला."

"होऊ दे."

तिने दारातच पाकीट फोडलं. दोन्ही पानं सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. तो उन्हात उभा. मी चिडून रडत होते आणि तिचा हात मात्र स्थिर होता.

"मिळालं," ती म्हणाली, आणि मग तिने सही केली.