इंट्रो म्हणजे काय वं?

सत्तरच्या दशकात कुहीजवळच्या आमच्या खेड्यातून मी बी.एस्सी.साठी नागपूरला आले आणि मुलींच्या वसतिगृहात राहू लागले. पहिल्याच आठवड्यात एका सकाळी एक सीनियर दारात डोकावली. "संध्याकाळी मेसमध्ये इंट्रो आहे. नव्या मुलींनी सगळ्यांनी यायचं," एवढं बोलून ती गेली.

इंट्रोडक्शन हा शब्द मला पुस्तकातला माहीत होता. मास्तर ते पान सोडूनच शिकवायला सुरुवात करत. खोलीतली दुसरी मुलगी उमरेडच्या विणकरांच्या घरची. तिला विचारलं, "इंट्रो म्हणजे काय वं?"

वेणी घालता घालता तिचा हात थांबला. "माझ्या भावाचा झाला होता. इंजिनिअरिंगले."

"मग?"

"मग कॉलेज सोडून घरी आला. आता मागावर बसते. काय झालं ते अजून कोणाले सांगत नाही."

त्या दिवशी प्रयोगशाळेत माझ्या हातून परीक्षानळी फुटली. दुपारची एस.टी. पकडून घरी पळावं, असं कितीदा वाटलं. पण बाबा माझी ट्रंक डोक्यावर घेऊन अख्ख्या गावाला सांगत मला सोडायला आले होते. कोणत्या तोंडाने परत जाणार?

संध्याकाळी मेसमधली टेबलं भिंतीला लावलेली होती आणि त्यांवर सीनियर मुली बसल्या होत्या. आम्ही समोर रांगेत. एकीला नाचायला लावलं, ती रडायला लागली. मग माझ्याकडे बोट आलं. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं.

"गाणं म्हण."

"मले येत नाही."

"मले!" सगळ्या खिदळल्या. "पुन्हा म्हण. जोरात." मी म्हटलं. पुन्हा म्हणायला लावलं.

तेवढ्यात उमरेडची रांगेतून पुढे आली. "तिले काहून त्रास देऊन राहिल्या? इंट्रो म्हणजे ओळख ना? आमची झाली. आता तुमचं नाव सांगा."

हसणं थांबलं. मधली सीनियर टेबलावरून उतरून तिच्यासमोर येऊन उभी राहिली. आता थोबाडीत बसणार, म्हणून मी डोळे मिटले. ऐकू आलं ते त्या सीनियरचं स्वतःचं नाव, आणि भंडाऱ्याकडचं कुठलंसं गाव. मग ती म्हणाली, "चला, पानं वाढा."

सुटलो असं वाटलं नाही. पुढे कित्येक दिवस आम्ही दोघी न्हाणीघरातही सोबतच जायचो. एक आत, एक दाराशी. कोणी काही केलं नाही. पण आज करतील, हे रोज सकाळी वाटायचं.

पुढच्या वर्षी वॉर्डनबाईंनी इंट्रो बंद केला. फलकावर 'स्वागत समारंभ' लिहिलं, चिवडा-पेढे मागवले. मी पानं मांडत होते. एक नवी मुलगी दाराला चिकटून उभी होती, ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरून. तिने मला हळूच विचारलं, "ताई, स्वागत म्हणजे काय करतात हो?"