गीझरमधली पिवळी ज्योत

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनचं आमचं भाड्याचं घर जुनं होतं. भिंतींना कायम ओल, आणि स्वयंपाकघरात गॅसचा तसाच जुना गीझर. त्याच्या पोटात एक बारीक निळी ज्योत सतत जळत असायची. नळ सोडला की तिच्यावरच बर्नर पेट घ्यायचा. पावसापाण्याच्या दिवसांत भिंतीतल्या जाळीतून वाऱ्याचा झोत आला, की बाईसाहेब विझल्याच.

"विझली" म्हटलेलं सासूबाईंना खपायचं नाही. त्या पुण्याहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. "शांत झाली म्हणावं," त्या सांगायच्या. घरातली अखंड ज्योत म्हणजे त्यांच्या लेखी नंदादीपच. सकाळी देवांपाठोपाठ गीझरलाही नमस्कार व्हायचा. मला हसू यायचं. ती सारखी शांत होते, हे त्यांनी मात्र मनाला लावून घेतलं होतं.

एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर खिडक्यांच्या काचा घामेजलेल्या, सासूबाई टेबलाशी डोकं धरून बसलेल्या. शेजारच्याच बाथरूममध्ये लेकीचा शॉवर चालू होता.

"आज एकदाही शांत झाली नाही बघ," त्या जड आवाजात म्हणाल्या. "छान पिवळी झालीय, निरांजनासारखी."

गीझरमध्ये पिवळ्या ज्वाळा लवलवत होत्या. वरच्या पत्र्यावर काजळी धरली होती. आणि भिंतीतल्या जाळीत सासूबाईंच्या जुन्या साडीचा बोळा गच्च कोंबलेला होता.

जाळी बुजली की ज्योत पिवळी होते आणि विषारी वायू साठतो, त्याला वासही नसतो, हे घरमालकानं नवऱ्याला आणि मला बजावलं होतं. मी लेकीला हाक मारली. उत्तर आलं नाही.

दार ढकललं. ती फरशीवर भिंतीला टेकून बसली होती, अंगावर पाणी पडतच होतं. गॅसचा कॉक बंद केला, टॉवेलमध्ये गुंडाळून तिला मागच्या अंगणात पावसात नेलं. ती माझ्याकडे बघत होती, पण ओळख दिसत नव्हती. एवढी मी आयुष्यात कधी घाबरले नाही. तिला तिथंच सोडून सासूबाईंना आणायला परत आत जायचं होतं, आणि पाय उचलत नव्हते. तरी गेले.

हॉस्पिटलात दोघींना ऑक्सिजन लावला. दोघी वाचल्या. "मीच केलं ना गं?" सासूबाईंनी विचारलं. मला नाही म्हणता आलं नाही.

घरी परतल्यावर त्यांनी देवापुढे निरांजन लावलं, आणि लगेच उठून खिडकी सताड उघडली. गार वारा आत आला. वात थरथरली तशी मी खिडकी लोटायला उठले.

"राहू दे," नातीला जवळ ओढत त्या म्हणाल्या. "विझू दे."